'द बिग स्लीप'मध्ये अडकलात तर: जुनं न्वार आणि त्याच्या मागची पुस्तकं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अर्नाळकर आणि पुढे जेम्स हॅडली चेस वाचत मोठे झालात. आता अस्सल अमेरिकन न्वार, म्हणजे गुन्हेगारीच्या काळ्या, कडवट गोष्टी, वाचायचं ठरवून रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप' घेतलीत आणि निम्म्यावर येईपर्यंत कोण कुणाला का मारतंय याचा पत्ताच लागेना. त्यात जे परीक्षण उघडावं तिथे 'हे वाचून झोला आठवतो', 'दोस्तोयेव्हस्कीची छाया दिसते' अशी, जुन्या फ्रेंच-रशियन कादंबरीकारांची नावं घेणारी वाक्यं. तेव्हा ती मागची पुस्तकं आधी वाचायची का, आणि क्रम काय ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय.

क्रम खाली देतोच, पण अडचण क्रमाची नाही असं मला वाटतं. झुंजारकथा वाचताना किंवा अगाथा ख्रिस्ती वाचताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: लेखक सगळं विस्कटून टाकेल, पण शेवटच्या प्रकरणात नीट घडी घालून हातात देईल. न्वारच्या लेखकाने असा शब्द दिलेलाच नसतो. जेम्स केनकडे गुन्हा कोण करणार हे सुरुवातीलाच कळतं, कारण करणाराच आपल्याला सांगत असतो. पॅट्रिशिया हायस्मिथ आणि जिम थॉम्प्सन यांच्याकडेही बहुतेकदा तीच तऱ्हा. चँडलरकडे कोडं असतं, पण त्याचा जीव त्यात नसतो. 'द बिग स्लीप'वर १९४६ साली आलेल्या चित्रपटाची तयारी चालू असताना पटकथा करणाऱ्यांना प्रश्न पडला की समुद्रात गाडीसकट सापडलेला ओवेन टेलर हा ड्रायव्हर नक्की कुणी मारला. त्यांनी चँडलरला तार केली. आपल्यालाही ते माहीत नव्हतं, असं चँडलरने नंतर एका पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा तुमचा गोंधळ झाला याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

या कादंबरीत वाचक अडकतो ती जागाही साधारण ठरलेली आहे, आणि त्यामागचं कारण कारागिरीचं आहे. चँडलरने आपल्या आधीच्या मासिकातल्या कथा फोडून ही कादंबरी जुळवली. मुख्य माल 'किलर इन द रेन' (१९३५) आणि 'द कर्टन' (१९३६) या दोन कथांचा. दोन्ही 'ब्लॅक मास्क' मासिकात आलेल्या. पहिल्या कथेतून गायगर, त्याचं पुस्तकांचं दुकान, फोटो आणि ब्लॅकमेल हा भाग आला. दुसरीतून बेपत्ता झालेल्या जावयाचा शोध आला. एकूण ३२ प्रकरणं आहेत. पहिली भानगड साधारण अठराव्या-एकोणिसाव्या प्रकरणाशी मिटते आणि विसाव्यात मार्लो, म्हणजे चँडलरचा खाजगी गुप्तहेर, बेपत्ता व्यक्तींच्या खात्यातल्या कॅप्टन ग्रेगरीसमोर जाऊन बसतो. तिथून खरं तर दुसरी गोष्ट सुरू होते. जो वाचक पहिल्या भागातले धागे धरून दुसऱ्या भागात त्यांची उत्तरं शोधतो तो हमखास हरवतो. म्हणून एकोणिसावं प्रकरण संपलं की पुस्तक मिटा, एक दिवस जाऊ द्या, आणि विसावं नव्या कादंबरीसारखं उघडा. एवढ्या एका उपायाने बहुतेकांची गाडी पुढे सरकते.

दुसरा उपाय कागदाचा. आमच्या वाचनगटात नवीन माणसाला आम्ही एक कोरा कागद देतो आणि पात्र आलं की चार गोष्टी लिहायला सांगतो: नाव, त्याला काय हवंय, तो कुणाशी खोटं बोलतोय, आणि त्याच्या हातातून किती पैसे गेले किंवा आले. 'खुनी कोण असेल' हा रकाना मुद्दाम ठेवत नाही. तो ठेवला की माणूस पुन्हा कोडं सोडवायला बसतो आणि संवादांतली धार निसटते. चँडलरमध्ये असा कागद पंधरा-वीस नावांवर जातो, डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये दहा-बाराच्या आत आटोपतो, केनमध्ये लागतच नाही.

पैशाचा रकाना तर कधीच गाळू नका. मार्लोची फी दिवसाला २५ डॉलर आणि वर खर्च. १९३९ चा डॉलर आजच्या हिशेबाने ढोबळमानाने वीस-बावीस पट धरा, म्हणजे दिवसाला पाचशेच्या वर. ऐकायला बरं वाटतं, पण काम रोज मिळत नाही. हा आकडा डोक्यात असला की मार्लोला काम देणाऱ्या जनरल स्टर्नवुडच्या घरातली श्रीमंती, आणि तो स्वतः कोणते पैसे नाकारतो, याला वजन येतं. न्वारमध्ये माणसं प्रेमाबद्दल, निष्ठेबद्दल सर्रास थापा मारतात. रकमेच्या बाबतीत मात्र लेखक फार काटेकोर असतो.

बोलीभाषेची भीती बाळगू नका. तीस-चाळीसच्या दशकातली गुंडांची, पोलिसांची, जुगाऱ्यांची भाषा अमेरिकेतल्या आजच्या वाचकालाही सगळी कळत नाही. प्रत्येक शब्दाला कोश उघडलात तर पानाला दहा मिनिटं जातील आणि लय मरेल. अनोळखी शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्या, पुढे चला. तोच शब्द तिसऱ्यांदा आला आणि तरी अर्थ लागला नाही, तरच शोधा. दारूबंदीचा काळ (१९२० ते १९३३) मात्र तेवढा डोक्यात ठेवा. हॅमेटच्या पहिल्या चार कादंबऱ्या त्या काळातच प्रसिद्ध झाल्या. गुंड, पोलीस आणि नगरपालिका एकाच ताटात का जेवतात हे त्याशिवाय उमगत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा रसाळ भाग: ही पुस्तकं ज्या पुस्तकांची आठवण करून देतात, त्यांचं काय करायचं? इथे बरंच तुमच्यावर अवलंबून आहे. तुमच्या इंग्रजीचा वेग, क्रौर्य किती सोसवतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या संथ कादंबरीशी जमतं का, या तिन्हीवर. तरी सर्वसाधारण नियम सांगायचा तर न्वार आधी, मागचं पुस्तक नंतर. कारण साधं आहे. झोला आधी वाचून केनकडे गेलात तर सगळा वेळ ताळा करण्यात जातो. केन आधी वाचून झोलाकडे गेलात तर जुनं पुस्तक अनपेक्षितपणे थरारक वाटू लागतं. एकच अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

'आठवण' या नावाखाली समीक्षक वेगवेगळ्या गोष्टी एकत्र ढकलतात, त्या आधी सुट्या करू. काही ठिकाणी लेखकाने स्वतः खूण ठेवलेली असते. काही ठिकाणी दोन लेखक एकाच जातीच्या घटनेपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचलेले असतात. काही ठिकाणी दिशाच उलटी असते, म्हणजे तथाकथित 'गंभीर' साहित्याने न्वारकडून घेतलेलं असतं. आणि उरलेल्या ठिकाणी मलपृष्ठावर मजकूर लिहिणाऱ्याला वजनदार नाव हवं असतं, बस्स.

पहिल्या प्रकारात सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (१९५५). श्रीमंत बाप आपल्या युरोपात रमलेल्या मुलाला परत आणायला एका माणसाला पाठवतो, ही हेन्री जेम्सच्या 'द अँबॅसॅडर्स' (१९०३) या कादंबरीची चौकट जवळजवळ तशीच उचललेली. जेम्सकडे पाठवणारी आई आहे, हायस्मिथकडे बाप, एवढाच फरक. आणि हे लपवलेलं नाही. बाप त्या माणसाला, म्हणजे टॉम रिप्लीला, त्या पुस्तकाचं नाव सांगतो, टॉम बोटीवरच्या ग्रंथालयात ते मागायला जातो, आणि त्याच्या वर्गाच्या प्रवाशाला ते मिळत नाही. हा अर्ध्या पानाचा प्रसंग नीट वाचा. ज्या पुस्तकात संस्कृती माणसाला बदलते असं म्हटलंय, ते पुस्तक टॉमला तिकिटाच्या वर्गामुळे नाकारलं जातं. पुढे टॉम जे काही करतो त्याचं बीज मला तरी या प्रसंगात दिसतं. जेम्सची कादंबरी मात्र जड आहे, लांबलचक वाक्यांची. नाही झेपली तर पहिली शंभर पानं वाचून सोडा. तुलना करायला तेवढी पुरतात.

चँडलरच्या खुणा जास्त खेळकर. 'द बिग स्लीप'च्या पहिल्याच परिच्छेदांत स्टर्नवुड बंगल्याच्या दारावर रंगीत काचेचं चित्र आहे: झाडाला बांधलेली बाई आणि तिच्या गाठी सोडवू पाहणारा चिलखतातला सरदार. सरदाराला काही ते जमत नाहीये. मार्लोच्या मनात येतं, आपण इथे राहत असतो तर कधी ना कधी वर चढून त्याला मदत करावी लागली असती. पुढे चोविसाव्या प्रकरणात तो बुद्धिबळाच्या पटाकडे बघतो आणि या खेळात घोड्याला काही अर्थ नाही असं ठरवतो. इंग्रजीत घोडा आणि तो सरदार एकच, हे लक्षात असू द्या. आता मागे जा. चँडलरच्या पहिल्या कथेतल्या, १९३३ च्या डिसेंबरात छापून आलेल्या, नायकाचं नाव होतं मॅलरी. आर्थर राजाच्या दंतकथांचं जे इंग्रजी पुस्तक कॅक्स्टनने १४८५ साली छापलं, त्याच्या लेखकाचं नाव टॉमस मॅलरी. नंतरच्या एका कादंबरीचं नाव 'द लेडी इन द लेक', दुसरीत एका घराण्याचं आडनाव ग्रेल. एवढं सगळं योगायोगाने जुळत नाही. मॅलरी अख्खा वाचायची गरज नाही. लहान मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्तीही चालेल. लॉस एंजेलिसच्या चिखलात एक माणूस अजून त्या जुन्या नियमांनी वागू बघतोय आणि त्याला स्वतःलाच त्याचं हसू येतंय, हे कळण्यापुरता मॅलरी पुरे.

त्याच कादंबरीत जुन्या पुस्तकांच्या नादी माणसांसाठी एक चकली ठेवलेली आहे, ती चुकवू नका. गायगरच्या दुकानात जाऊन मार्लो 'बेन हर'ची १८६० सालची तिसरी आवृत्ती मागतो, ११६ व्या पानावर छपाईची चूक असलेली. दुकानातली बाई 'सध्या नाहीये' म्हणते. मग तो समोरच्या खऱ्या पुस्तकविक्रेतीकडे जाऊन तेच मागतो आणि ती शोधून सांगते की अशी आवृत्तीच नाही. मुळात 'बेन हर' निघाली १८८० साली. दोन प्रश्नांत दुकान बनावट असल्याचं सिद्ध. कोडं कसं सोडवलं यापेक्षा मार्लो काय काय वाचून आलाय हे इथे जास्त कळतं.

हॅमेटकडे आठवण एका लहानशा जागी लपलेली आहे. 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) च्या सातव्या प्रकरणात, जोएल कैरोची वाट बघत बसलेले असताना, गुप्तहेर सॅम स्पेड आपली अशील ब्रिजिड हिला फ्लिटक्राफ्ट नावाच्या माणसाची हकिकत सांगतो. टाकोमा शहरातला हा जमीनजुमल्याचा व्यावसायिक दुपारी जेवायला निघतो, बांधकामावरून एक तुळई सुटून त्याच्या शेजारी आदळते, फुटपाथचा एक कपचा गालाला लागतो, आणि तो माणूस बायकामुलं सोडून तसाच नाहीसा होतो. काही वर्षांनी तो स्पोकेनमध्ये सापडतो: नवं नाव, नवी बायको, लहान मूल, आणि जवळपास पहिल्यासारखंच आयुष्य. कथानकाशी याचा काडीचा संबंध नाही. १९४१ च्या चित्रपटात हा भाग घेतलेलाच नाही, म्हणून चित्रपट आधी पाहिलेले वाचक पानं उलटून पुढे जातात आणि पुस्तकाचा गाभाच सोडून देतात. हे वाचून झाल्यावर नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'वेकफील्ड' (१८३५) ही कथा वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे. लंडनमधला एक माणूस काहीही कारण नसताना घर सोडून शेजारच्या गल्लीत वीस वर्षं राहतो. हॉथॉर्नला तो माणूस गूढ वाटतो. स्पेडला फ्लिटक्राफ्ट अगदी सरळ वाटतो: तुळया पडतात तेव्हा माणूस त्याप्रमाणे वागायला लागतो, पडायच्या थांबल्या की पुन्हा न पडण्याप्रमाणे. स्पेडच्या मनात काय चाललंय हे हॅमेट अख्ख्या कादंबरीत एकदाही सांगत नाही. फक्त डोळे, हात, सिगारेट वळणं एवढंच दाखवतो. त्यामुळे ही हकिकत म्हणजे त्याच्या डोक्यात डोकावायची एकमेव फट. शेवटच्या प्रकरणातला स्पेड पटत नसेल तर परत इथे या.

दुसऱ्या प्रकाराचं, म्हणजे उसनवारी न करताही जुळणाऱ्या पुस्तकांचं उदाहरण केन आणि फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला. 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस' (१९३४) आणि 'तेरेझ राकँ' (१८६७) दोन्हींत बायको आणि तिचा प्रियकर नवऱ्याला संपवतात आणि मग एकमेकांवरचा विश्वास गमावतात. दोन्हींत एक मांजर आहे, आणि ते मांजर दोन्हीकडे फुकट आलेलं नाही. केनमध्ये ते शिडीवर चढून विजेच्या फ्यूजच्या पेटीवर पाय ठेवतं आणि पहिला बेत उधळतं. झोलाकडे फ्रांस्वा नावाचा बोका नुसता बघत बसतो, आणि प्रियकर लोराँला वाटायला लागतं की याला सगळं ठाऊक आहे. पण फरक बघा. झोला हा जणू प्रयोगशाळेत उभा आहे. १८६८ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने म्हटलंच आहे की आपण स्वभावचित्रं नव्हे तर शरीरप्रकृती अभ्यासतोय. खुनानंतरचा कुजण्याचा काळ त्याने पानंच्या पानं लांबवलाय, तोही लकव्याने जखडलेल्या, सगळं समजूनही बोलू न शकणाऱ्या सासूच्या डोळ्यांसमोर. केन तेच काम वकील, विमा कंपन्या आणि सह्यांच्या कागदांवर सोपवतो आणि शे-सव्वाशे पानांत मोकळा होतो.

केनची खरी माती वर्तमानपत्रातली. मार्च १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याचा खून केला. अपघाती मृत्यू झाल्यास दुप्पट रक्कम देणारी विमा पॉलिसी तिने आधीच उतरवून ठेवली होती. जानेवारी १९२८ मध्ये दोघांना सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीत मारण्यात आलं. केन त्या वर्षांत न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकात अग्रलेख लिहीत होता. 'डबल इन्डेम्निटी' (१९३६ मध्ये 'लिबर्टी' साप्ताहिकात क्रमशः, पुस्तकात १९४३) चं नावच त्या दुप्पट रकमेच्या कलमावरून आलंय. तेव्हा इथे 'मागचं पुस्तक' वाचायचं असेल तर कादंबरी शोधू नका, त्या खटल्याची माहिती वाचा. एक गंमत जाता जाता: चँडलरला केनचं लिखाण मुळीच आवडायचं नाही, आणि १९४४ च्या चित्रपटासाठी त्याची पटकथा बिली वाइल्डरबरोबर बसून लिहिली ती चँडलरनेच. चित्रपटाचा शेवट वेगळा आहे. पुस्तकाचा जास्त विचित्र, आणि माझ्या मते जास्त चांगला.

उलट्या दिशेचं उदाहरणही केनचंच. 'पोस्टमन'चा प्रभाव 'द स्ट्रेंजर' (१९४२) वर असल्याचं आल्बेर काम्यूने मान्य केलं होतं. सुरुवात शेजारी शेजारी ठेवून वाचा: छोटी वाक्यं, कारणं न देणारा निवेदक, ऊन, शरीर. बाकी साम्य 'पोस्टमन'चं शेवटचं पान संपलं की आपोआप दिसेल, इथे सांगून मजा घालवत नाही. फ्रान्सने या पुस्तकांना अमेरिकेपेक्षा आधी मान दिला. मार्सेल द्युआमेलने १९४५ मध्ये गालीमारकडून 'सेरी न्वार' ही मालिका सुरू केली. पुढे त्याच्याच आग्रहावरून चेस्टर हाइम्सने हार्लेमच्या पोलिसी कादंबऱ्या लिहायला घेतल्या.

आणि इथेच तुमचा चेस येतो. 'सेरी न्वार'च्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत पीटर चेनी आणि जेम्स हॅडली चेस हे दोघे इंग्रज होते. म्हणजे फुटपाथवरच्या ढिगातून तुम्ही जे वाचत आलात ते या घराण्याबाहेरचं नाही. फक्त ते कुठल्या खोलीत बसतं हे माहीत असावं. चेसने 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' (१९३९) लिहिली ती अमेरिकेत न राहता, कोश आणि नकाशे घेऊन. तिच्यामागे विल्यम फॉकनरची 'सँक्च्युअरी' (१९३१) उभी आहे. पळवून नेलेली श्रीमंत मुलगी, तिचा छळ करणारा विकृत गुंड, हा सांगाडा जॉर्ज ऑर्वेलनेही १९४४ च्या एका निबंधात दाखवून दिला. तो निबंध जरूर वाचा, पण एक खबरदारी घ्या. चेसने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कादंबरी नव्याने लिहून काळाला साजेशी केली, आणि आपल्याकडच्या जुन्या प्रतींत बऱ्याचदा तोच सुधारित मजकूर असतो. ऑर्वेल बोलतोय तो मूळ मजकुराबद्दल. आपल्या हातातल्या प्रतीत टेलिव्हिजन वगैरे दिसला तर समजा की नंतरचा मजकूर आहे. चेस आणि चँडलर यांच्यातला फरक एका वाक्यात सांगायचा तर चेसकडे घटना पळतात आणि माणसं मागे धावतात. चँडलर वाचताना तुम्ही तोच वेग शोधलात, तिथेच घोळ झाला.

आधी म्हटलेला अपवाद हा: चँडलरची 'द लाँग गुडबाय' (१९५३) घ्यायच्या आधी 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) वाचलेली असावी. नऊ प्रकरणांचं पुस्तक आहे, दोन संध्याकाळी होतं. स्वतःचा भूतकाळ पुसून उभा राहिलेला, युद्धातून आलेला, दारूड्या श्रीमंतांत वावरणारा एक माणूस, आणि त्याच्यावर लोभ जडलेला पण भाबडा नसलेला निवेदक. टेरी लेनॉक्सबद्दल मार्लोला इतकं का वाटतं हा प्रश्न नुसत्या चँडलरवर सुटत नाही. ही कादंबरी लांब आहे, मध्यंतरी मुद्दाम रेंगाळते. तिथे घाई केलीत तर हाती काही लागणार नाही.

आता क्रम. आधी 'पोस्टमन', एका बैठकीत, दुपारी सुरू करून रात्रीपर्यंत. मग 'तेरेझ राकँ', निदान खुनापर्यंत. आवडली तर पुढे. नंतर 'माल्टीज फाल्कन' आणि लगेच 'वेकफील्ड'. इथवर आलात की 'बिग स्लीप' पुन्हा पहिल्यापासून, कागद आणि एकोणिसाव्या प्रकरणाचा थांबा ठेवून. त्यानंतर रिप्ली. रिप्ली इतक्या उशिरा का? कारण तो सगळ्यात सहज वाचला जातो आणि आधी वाचलात तर बाकीचे खडबडीत वाटतात. जिम थॉम्प्सनची 'द किलर इनसाइड मी' (१९५२) शेवटी ठेवा किंवा सोडून द्या. टेक्सासमधला एक उपशेरीफ गुळगुळीत म्हणी ऐकवून ऐकवून लोकांना छळतो आणि आत काय आहे ते फक्त आपल्याला सांगतो. दोस्तोयेव्हस्कीची 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' (१८६४) आठवते ती या स्वतःशीच हुज्जत घालणाऱ्या आवाजामुळे, आणि इथे तुलना खरोखर टिकते. पण बायकांवरची मारहाण त्यात अशी वर्णिली आहे की पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं. ठेवलंत तरी काही बिघडत नाही.

परीक्षणातली तुलना खरी की पोकळ हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. साम्य नेमकं कशात आहे: निवेदकात, रचनेत, घटनेत? 'वातावरणात' असं उत्तर आलं तर सोडून द्या. दुसरं, सालं जुळतात का? नंतरचं पुस्तक आधीच्याचं मूळ म्हणून खपवलेलं सर्रास आढळतं, विशेषतः चित्रपटाचं साल पुस्तकाला चिकटल्यामुळे.

प्रती घेताना: 'व्हिंटेज' हा शब्द कण्यावर दिसला म्हणून ती जुनी प्रत ठरत नाही. 'व्हिंटेज क्राइम/ब्लॅक लिझर्ड' ही पुनर्मुद्रणांची मालिका. ब्लॅक लिझर्ड १९८० च्या दशकात बर्कलीत सुरू झाली आणि १९९० मध्ये रँडम हाऊसने घेतली. वाचायला याच प्रती बऱ्या. चाळीस-पन्नासच्या दशकातली २५ सेंटवाली पेपरबॅक्स देखणी असतात, पण लगद्याचा कागद आम्लामुळे तपकिरी होऊन तुटतो, आणि आपल्या पावसाळ्यात कण्याचा डिंक हमखास सुटतो. पूर्ण सपाट उघडलीत की गेली. शिवाय चाळीसच्या दशकातल्या काही स्वस्त आवृत्त्या कापलेल्या होत्या, म्हणून 'कम्प्लीट अँड अनअब्रिज्ड' असं छापलंय का ते पाहून घ्या.

मराठीत ही पुस्तकं का नाहीत असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. निदान दोघांच्या बाबतीत आता कायद्याची आडकाठी नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. चँडलर १९५९ मध्ये गेला, म्हणजे २०२० पासून मोकळा. हॅमेट १९६१ मध्ये, म्हणजे २०२२ पासून. केन १९७७ मध्ये गेला, त्याच्यासाठी २०३८ उजाडावं लागेल, आणि चेससाठी २०४६. कुणी भाषांतराला हात घालणार असेल तर हॅमेटपासून सुरुवात करावी. त्याची वाक्यं मराठीत फार तोडमोड न करता उतरतात. चँडलरच्या उपमा मात्र शब्दाला शब्द ठेवून नेल्या की मराठीत हास्यास्पद होतात. तिथे दर पानावर एखाददुसरी सोडून द्यायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.